थैलीचं दुसरं टोक

पहिला पीळ आला आणि धुरपताचा हात जागच्या जागी थांबला. हा बिसराम कारागिराचा हात नव्हता. थैलीच्या या टोकाला ती बसली होती, त्या टोकाला भट्टीच्या तोंडाशी कारागीर. मधे मनगटाएवढी जाड, लाखेच्या दाण्यांनी ठासून भरलेली लांबच लांब कापडी थैली ताणलेली, आणि ऐन मधे छपराला टेकू दिलेला विटांचा जाडजूड खांब. खांबामुळे तिला कारागीर दिसत नसे. इतकी वर्षं ते तिला सोयीचंच वाटत आलं होतं, कारण भट्टीची धगही त्याच खांबाने अडायची. निखाऱ्यांसमोर कारागिराने आपलं टोक एका बाजूला पिळायचं, तिने आपलं टोक उलट बाजूला. थैलीतली लाख वितळून कापडाच्या विणीतून पाझरू लागली की कारागिराने ती खरवडून घ्यायची, गरम पाण्याने भरलेल्या गोल नळ्यावर तावासारखी थापायची, आणि मग म्हाताऱ्या उदारामने तो ताव उचलून हातांत, पायांत, दात होते तोवर दातांतही धरून आगीपुढे ताणायचा, पार पापुद्रा होईपर्यंत. त्यालाच चपडा म्हणायचं. तर आज थैलीतून जो पीळ आला तो सरळसोट होता, घाईचा होता. एखाद्या परक्याने ओळखपाळख नसताना खांद्यावर हात ठेवावा तसं तिला झालं. उठून खांबाआडून डोकावलं असतं तर क्षणात कळलं असतं, पण ती उठली नाही. तिने उलटा पीळ दिला, पुन्हा तो परका पीळ आला, पुन्हा तिने दिला, आणि थोड्याच वेळात थैली मधोमध फाटली. जळक्या लाखेचा कडवट वास छपराखाली भरला आणि उदाराम दात नसलेल्या तोंडाने कुणाच्या तरी नावाने शिव्या घालू लागला.

इंग्रजांचा झेंडा उतरला त्या साली ती या टोकाला येऊन बसली होती. सासरी दवनीवाड्याला दिराने धानाच्या बांध्या, होती तेवढी शेतं, आपल्या नावावर करून घेतल्या, नवरा तर त्याआधीच गेलेला. कारखान्यात त्या दिवशी लाडू वाटत होते, म्हणून तिला वाटलं इथे रोजच काहीतरी चांगलं होत असेल. बिसरामने तिच्या हातात थैलीची दांडी दिली आणि फक्त "बस" म्हणाला. फेर कसा द्यायचा हे त्याने सांगितलं नाही, आणि ती विचारणार कुणाला? पहिल्याच दिवशी तिने जीव खाऊन पीळ दिला, थैली फाटली, पातळ लाखेचा एक थेंब मनगटावर उडाला. त्याचा डाग अजून आहे. बिसराम रागावला नाही. उदारामच्या हाती खोबऱ्याचं तेल पाठवलं आणि नवी थैली बांधली. मग हळूहळू तिच्या तळव्याला कळत गेलं. बिसराम पीळ देण्याआधी थैली किंचित मागे सोडायचा, जरासाच उलटा फिरायचा, आणि मग पुढचा फेर घ्यायचा. त्या मागे सोडण्यात कापडाची वीण श्वास घेतल्यासारखी मोकळी व्हायची आणि लाख आपसूक बाहेर यायची, ओढून काढावी लागायची नाही. किती सोडायचं ते रोज वेगळं असे. पळसाच्या झाडावरची लाख वेगळी, कुसुमाच्या झाडावरची वेगळी, हवेत दमटपणा असला तर आणखी वेगळं. ते सगळं त्याच्या हातातून थैलीत, थैलीतून तिच्या हातात यायचं आणि तिचा हात उत्तर द्यायचा. पुढे पुढे तर नुसती लाखच येत नव्हती. त्याची म्हातारी आई वारली तेव्हा तो कामावर आला होता, कुणाशी बोलला नव्हता. पण तिच्या हातात पीळ इतका सावकाश, इतका जपून आला की तिनेही दिवसभर आपलं टोक तसंच जपून फिरवलं. संध्याकाळी उदारामने बातमी सांगितली तेव्हा ती म्हणाली, माहीत आहे. उदाराम तिच्याकडे बघतच राहिला. घरी भांडून आलेला दिवस, पोरगी झाली तो दिवस, दात दुखत असल्याचा दिवस, सगळे दिवस तिला त्या कापडातून कळत होते. दहा वर्षांत त्याने तिला बोट लावलं नव्हतं आणि दहा वर्षं दिवसभर तिचा हात त्याच्या हाताशी बांधलेला होता. याला काय म्हणायचं हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की आपले पाय इतक्या लगबगीने का निघतात, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

दुपारच्या सुट्टीत कारखान्याचे दिवाणजी केशोराव स्वतः छपराखाली आले. नाकाला रुमाल लावूनच बोलायची त्यांची सवय होती. बिसरामचे डोळे भट्टीने खाल्ले, आता त्याला दिसत नाही, तो कामठ्याला आपल्या घरी गेला, हे त्यांनी एका दमात सांगून टाकलं. जाताना तो कुणाला भेटला नाही. सेठजींनी कलकत्त्याहून यंत्र मागवलं आहे. मोठ्या हंड्यात वाफेवर लाख वितळेल, दोन लोखंडी रुळांमधून चपडा निघेल. बाकीच्या भट्ट्या विझवायच्या. मात्र हाताने ताणलेला चपडाच पाहिजे म्हणणारे काही जुने व्यापारी अजून आहेत, त्यांच्यासाठी ही एक भट्टी चालू ठेवायची, पण माल बिसरामसारखा उतरला तरच. हा भोजराज, बिसरामच्या भावाचा जावई, हुशार आहे, हात लवकर बसेल. मग रुमाल जरा बाजूला करून ते धुरपताला म्हणाले, "देख धुरपता, फेर तुलेच मालूम आहे. याले शिकव. दिवाळीपर्यंत जमलं तर ठीक, नाही तर हीबी भट्टी बंद." भोजराज खांबाला टेकून उभा होता. तरणाबांड, अंगात धुतलेला सदरा, भट्टीवर सदरा घालून बसणारा तिने पहिल्यांदाच पाहिला. तो तिला मावशी म्हणाला, आणि हात जोडले. त्याच्यावर राग धरावा असं त्याच्यात काहीच नव्हतं आणि त्यामुळेच तिला त्याचा जास्त राग आला.

नंतरचे दिवस फाटक्या थैल्यांचे गेले. भोजराज जोर लावायचा, लाख करपायची, चपडा काळपट तपकिरी निघायचा आणि केशोराव तो उजेडाकडे धरून मान हलवायचे. भोजराज दर वेळी खांबाआडून विचारायचा, काय चुकलं मावशी, आणि ती म्हणायची, हात बसेल हळूहळू. खरं सांगायचं तर धुरपता अंग चोरत होती. त्याचा सरळ पीळ आला की तिला कळायचं की आता मागे सोडायला हवं. तिचा हात सोडायलाही निघायचा, आणि ती त्याला आवरायची. सरळ पिळाला ती सरळच उत्तर द्यायची. थैली फाटली तरी चालेल. तिच्या तळव्यात बिसरामचा फेर जसाच्या तसा होता, आणि तोच तेवढा तिच्याकडे राहिला होता. बिसरामची बायको, पोरं, घर, कामठ्याची शेती, हे सगळं दुसऱ्यांचं. हा उलट फिरण्याचा लहानसा हेलकावा मात्र साऱ्या जगात तिच्या एकटीच्या हातात होता. तो भोजराजच्या हातात गेला की तो भोजराजचा होईल, उद्या भोजराज तो आणखी कुणाला देईल, आणि मग त्यात बिसराम कुठे राहणार? अशा विचारात ती संध्याकाळी रेल्वेच्या फाटकापाशी उभी राहायची. जबलपूरकडची छोटी गाडी धडधडत जायची, गिरण्यांच्या कोंड्याची धूळ उडायची, बिड्यांच्या कारखान्यातून बाया सुपं काखेत घेऊन घरी निघालेल्या असायच्या, आणि हिचा उजवा हात पदराखाली आपोआप मागे-पुढे फिरत असायचा. भट्टी विझली तर आपलीही रोजी जाईल हे तिला कळत होतं. उदारामचीही जाईल. उदाराम या वयात तोंडात दात नसताना कुठे ताव ताणणार? दात तर त्याने याच कामात घालवले होते. हेही कळत होतं, तरी हात देत नव्हता.

मग एका रविवारी ती कामठ्याला गेली. केशोरावांना म्हणाली, कारागिराला विचारून येते. केशोराव खूष झाले. बाजाराला आलेली एक बंडी परत निघाली होती, तीत ती बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला लागलं होतं, बांध्यांमधलं पाणी आटत आलं होतं. ती का चालली होती हे तिला बंडीत बसल्यावर स्वच्छ कळलं. विचारायला ती चालली नव्हतीच. बिसरामने म्हणावं, कुणाला देऊ नको. माझा फेर माझा आहे, तो तुझ्यापाशीच राहू दे, असं त्याने एकदा तोंडाने म्हणावं, एवढ्यासाठी ती चालली होती. असं म्हणाला असता तर भट्टी विझली असती तरी तिला चाललं असतं. वाटेभर ती ते शब्द त्याच्या आवाजात ऐकून पाहत होती. त्याचा आवाजही तिला नीट आठवत नव्हता, इतकं कमी तो बोलला होता.

अंगणात शामकला, बिसरामची बायको, भिजवलेली वाकळ पिळायला कुणीतरी मिळतं का म्हणून इकडेतिकडे पाहत होती. ओळख पटायच्या आत तिने एक टोक धुरपताच्या हातात दिलं. शामकलाच्या हातात जोर होता. तिने ती वाकळ गरागरा पिळून काढली, पाणी धार लागून पायांवर पडलं, झालं काम. धुरपताचा हात सवयीने किंचित मागे सुटला. शामकला म्हणाली, काऊन सोडते वो, ओढ नं. ज्या बाईने त्याच्याबरोबर जन्म काढला तिला त्याच्या हाताबद्दल एवढीशी गोष्ट माहीत नव्हती, आणि तिला तिची गरजही नव्हती. ती वाकळ वाळत घालायला गेली आणि धुरपता ओले हात घेऊन तिथेच उभी राहिली. सपरीत, घराच्या पुढच्या पडवीत, खाटेवर बिसराम बसला होता. डोळ्यांवर ओल्या फडक्याची पट्टी होती. भट्टीपुढे नसलेला बिसराम तिने आजवर पाहिला नव्हता. तो बारीक दिसत होता, म्हाताराही.

"कोन होय?" त्याने विचारलं.

"लाखेच्या कारखान्यातली बाई होय," शामकलाने अंगणातूनच सांगितलं.

मग धुरपता का, असं त्याने विचारलं, ती हो म्हणाली. भट्टी सुरू आहे का, कोळसा कसा येतो, उदारामच्या हिरड्या अजून दुखतात का, हे त्याने विचारलं. तिने एकेकाचं उत्तर दिलं. भोजराजचं सांगितलं तेव्हा त्याला हसू आलं, थैली फाडते का म्हणून त्याने दोनदा विचारलं, आणि आपणही शिकताना मामाच्या किती थैल्या फाडल्या होत्या ते सांगत बसला. इतकं बोलताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं. शेवटी तिने विचारलंच, तुम्ही येऊन त्याला सांगाल का.

"मी काय सांगू वो," तो म्हणाला. "मले बोलून सांगता येत असतं तं तुलेच नसतो का सांगतलो? तुया हातात आहे सारा. तूच देऊन टाक त्याले."

"कायले देऊ?"

हे तिच्या तोंडून फार मोठ्याने गेलं. अंगणात शामकलाने मान वर करून पाहिलं. बिसरामला त्या आवाजात काहीतरी ऐकू आलं असावं, कारण त्याने पट्टी बांधलेलं तोंड तिच्याकडे वळवलं आणि हात खाटेच्या काठावरून जरा पुढे सरकवला. त्या हातातून आपल्यासाठी काहीतरी येईल म्हणून ती थांबली.

"कायले म्हणजे?" तो म्हणाला. "विझून जाईन नं मंग भट्टी."

त्याने सरकवलेला हात खाटेखालच्या लोट्यासाठी होता. तिने लोटा उचलून त्याच्या हाताजवळ नेला, पण तोवर शामकला आली आणि तिने तो तिच्या हातातून घेऊन त्याला पाणी पाजलं. धुरपताने चहा घेतला, पोरीच्या हातावर चार आणे ठेवले आणि परतीची बंडी धरली. देऊन टाक. जुनं लुगडं बोहारणीला द्यावं तितक्या सहज तो म्हणाला होता. तिला वाटेत रडू यायला हवं होतं, पण बंडीतली माणसं धानाच्या भावावर भांडत होती आणि तिला ते भांडण ऐकत बसावंसं वाटलं. एवढं मात्र तिला कळून चुकलं की तो आपला फेर मागे ठेवून मोकळा झाला होता. अडकली होती ती. भट्टी जळत राहावी एवढीच त्याची इच्छा होती, आणि त्याची कुठलीही इच्छा तिने दहा वर्षांत हातातल्या हातात मोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भट्टी निवत आलेली असताना, तिने भोजराजला उठवलं आणि आपल्या जागेवर खांबाआड नेऊन बसवलं. स्वतः जाऊन भट्टीच्या तोंडाशी बसली. बाईने कारागिराच्या जागेवर बसायचं नसतं. भट्टीची पूजा होते, तिथे बाईची सावलीसुद्धा चालत नाही असं सगळे मानत. उदाराम ताव ताणायच्या फळीवर आडवा झाला होता. त्याने एक डोळा उघडून पाहिलं आणि कूस बदलली. "मी तं झोपूनच राहिलो बाप्पा," तो भिंतीला म्हणाला. बिसरामच्या बसण्याने पाटाला मधे खोलगट भाग झाला होता, त्यात ती बसली. समोर निखारे, डोळ्यांत धग, आणि मान वळवली तर नुसता विटांचा खांब. त्या जागेवरून तिची जागा दिसत नव्हती. तिथे बसणाऱ्याच्या पायाची बोटंसुद्धा दिसत नव्हती. दहा वर्षं त्याने या खांबाकडे पाहिलं होतं आणि खांबापलीकडे कुणीतरी आहे हे फक्त हाताने ओळखलं होतं, तिच्यासारखंच. तिचेही वाईट दिवस त्याला असेच कळले असतील का? तिचा भाऊ गेला तेव्हा, तिने ताप अंगावर काढला तेव्हा? काल विचारायला हवं होतं ते हे. कामठ्याला जाऊन ती भलतंच मागून आली होती. आता पुन्हा जाणं व्हायचं नाही, गेली तरी शामकलासमोर विचारता यायचं नाही. तिने डोळे पुसले, धगीने पाणी येतं म्हणून कुणी विचारलं असतं तर सांगायची सोय होती. मग तिने थैली धरली, किंचित मागे सोडली आणि बिसरामचा फेर दिला.

खांबापलीकडून भोजराजचा सरळच पीळ आला. तिने पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा त्या टोकाकडून उत्तर आलं, चुकत, अडखळत, पण आलं. हे असं आहे होय, तो पलीकडून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका आनंद होता की तिला त्याच्यावर पहिल्यांदा माया आली. रोज दुपारी ती तशी बसू लागली. पळसाच्या लाखेला किती सोडायचं, कुसुमाच्या लाखेला किती, हे ती हातानेच देत राहिली, कारण बोलून सांगायला तिलाही येत नव्हतं. उदाराम रोज त्या वेळी झोपत होता. भोजराज कारागिराच्या जागेवर परतला की त्याचा हात बिसरामसारखा फिरायचा प्रयत्न करायचा. कधी जास्त सोडायचा, कधी कमी, आणि ती त्याला सांभाळून घ्यायची, त्याचं चुकलेलं आपल्या टोकाने भरून काढायची. सांभाळून घेताना आपला हातही थोडा थोडा त्याच्या वळणाने जात होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी तिने वेगळं काय केलं असतं कोण जाणे.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी केशोराव रुमाल न लावता छपराखाली आले. नव्या शेडमध्ये यंत्र बसलं होतं आणि त्याची घरघर इथवर येत होती. उदारामने ताणलेला चपडा त्यांनी दाराच्या उजेडाकडे धरला. तो पिवळाधमक होता, आरपार दिसत होतं, त्यांच्या बोटांची नखंसुद्धा पलीकडून दिसली. बिसरामचाच माल आहे हा, ते म्हणाले, सेठजींना दाखवतो, ही भट्टी राहील. उदारामने पागोटं काढून पुन्हा डोक्यावर ठेवलं. त्याला काही सुचेना तेव्हा तो असंच करायचा. भोजराजने सदरा केव्हाच सोडला होता. उघड्या अंगाने तो पुन्हा थैली बांधायला बसला. धुरपताही आपल्या टोकाला बसली. तिचं काम झालं होतं आणि तिला बरं वाटत होतं, खरंच बरं वाटत होतं. पीळ आला. किंचित मागे सुटून, मग सावकाश पुढे. तिच्या हाताने उत्तर दिलं. पुन्हा आला, पुन्हा दिलं. मग तिला वाटलं, आता निवांत आहे तर एकदा बिसरामचा फेर आठवून पाहावा, जुना, त्याचा स्वतःचा. म्हणून तिने डोळे मिटले आणि हात सैल सोडला. तळव्यात भोजराजचा फेर होता. तिने तो बाजूला सारून त्याच्याखाली शोधलं. म्हातारी वारली तो दिवस शोधला, त्या दिवशीचा तो जपून आलेला पीळ. तो दिवस आठवला, छपराखालचा अंधार आठवला, उदारामचा चेहरा आठवला, आणि हातात आला तो भोजराजचा फेर. पोरगी झाली तो दिवस शोधला, तिथेही तोच. तिने दांडी घट्ट धरली. पलीकडे लाख पाझरत होती, तिचा गोडसर वास येत होता, यंत्राची घरघर चालू होती.

"मावशी," भोजराजने खांबापलीकडून विचारलं, "बिसराम कारागिराचा फेर असाच होता का वो?"

धुरपताने आलेला पीळ आधी परतवला. थैली हातात फिरत होती.

"हो," ती म्हणाली. "असाच होता." यापेक्षा वेगळं सांगायला तिच्या हातात आता काही उरलं नव्हतं.